सहाणेवरचा वर्ग

आये, काल गावातून फोन आला. गुरुजींचा रविवारचा वर्ग गावातल्या लोकांनी पुन्हा सुरू केलाय म्हणे, आणि या रविवारी मी तिथे बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. इथे रत्नागिरीत फोन ठेवून मी खुर्चीत बसले ती बसलेच. डोळ्यांपुढे तू होतीस, सहाणेच्या खालच्या पायरीवर, मांडीखाली घरून नेलेलं गोणपाट.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी मोठ्या माणसांना अक्षरं शिकवली आणि मग म्हणाले, आता आपण आपलं गाव शिकू. शिमग्यात पालखी टेकते त्या सहाणेवर वर्ग भरायचा, कारण सावलीचा चौथरा गावात तेवढाच. नवरे मुंबईला असलेल्या बायका यायच्या, म्हातारे यायचे, आणि आपल्या बौद्धवाडीतून एकटी तू. गुरुजी दर वेळी तुला वर बोलवायचे. तू म्हणायचीस, इथनं बरं ऐकू येतं. मी तेव्हा देवरूखला कॉलेजात होते, सुट्टीला घरी यायचे, आणि त्या गोणपाटाचा मला भयंकर राग यायचा.

त्या रविवारी विषय होता पालखीचे मान. गुरुजी फळ्यावर लिहितायत, पहिला खांदा कोणत्या घराचा, पहिला नारळ कोणाचा. मग तुझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, मशालीचा मान तुमच्या वाडीचा, सांगा बघू काही आठवण. त्यांना वाटलं, आपण सगळ्यांना सामावून घेतोय. तू उभी राहिलीस.

"मान नव्हता गुरुजी तो. काम व्हतं. नाय म्हनायची सोय नव्हती. धम्म घेतला तवा आमी ता सोडलं."

कोणीतरी खाकरलं. एकजण म्हणाला, जुनं कशाला उकरता. गुरुजींनी मशालीची ओळ पुसली आणि तिथे काहीच लिहिलं नाही. पुढच्या रविवारी विषय निघाला अंजनवेलचा किल्ला. माणूस भला होता, पण त्या पुसलेल्या जागेने मला आजही त्रास होतो. तुझं बोलणं तिथे सहज मावलं असतं.

मी तुला म्हटलं होतं, आता जाऊ नकोस तिथे. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मी नाय गेले तर ता कोन सांगल?" आणि वर्ग बंद पडेपर्यंत जात राहिलीस, त्याच पायरीवर.

काल फोनवरच्या बाई मोठ्या आदराने बोलत होत्या. तुमच्या वाडीकडे मशालीचा मान होता ना, त्यावरच बोला, लोकांना आवडेल. जन्मभर मी शाळेत इतिहास शिकवला, पोरांचं चुकलं की वाक्य पुरं होऊ देत नसे. त्या बाईंना मात्र पुरं करू दिलं आणि म्हणाले, हो, येते.

रविवार परवावर आलाय. स्वयंपाकघरात तुझे शब्द मोठ्याने म्हणून बघते. 'काम व्हतं' इथपर्यंत येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. हे पत्र तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, आये. तू एवढंच विचारलं असतंस, फोनवरच का नाय सांगितलंस?