कोळंबीखालच्या कण्या

आई, इथे परदेशात, सेंगकांगला आमच्या इमारतीखाली एक लहानसं हॉटेल आहे, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं घरगुती खाणं देणारं. चालवणारा मात्र इथलाच, साठीचा चिनी अंकल, स्वयंपाक स्वतःचा स्वतः शिकलेला. मीही प्रोग्रामिंगपासून पुरणपोळीपर्यंत सगळं स्वतःच शिकलो, त्यामुळे आमचं पटायला हवं होतं. पण पहिल्याच दिवशी मी त्याला, तळायची भेंडी धुतल्यावर नीट पुसली गेली नाही, हे दाखवून दिलं. तेव्हापासून तो माझा पाण्याचा ग्लास जरा आपटूनच ठेवतो.

परवा रविवारी तुझ्या नातीने तिथे ग्रिट्स मागवले. म्हणजे मक्याचा भरडा मऊ शिजवून ताक घातलेला, वर कोळंबी. मी कोळंबी बाजूला सारून एक चमचा तोंडात घातला, आणि खाली तुझ्या ताकातल्या कण्या निघाल्या. ज्वारी नाही, लसणाची फोडणी नाही, हे मला कळतं गं. पण जिभेवर तेच. "बाबा, आर यू ओके?" पोरीने विचारलं, कारण दोन मिनिटं मी कशालाच नावं ठेवली नव्हती.

मला एकदम आठवलं: मी नववीत आहे, मित्र जेवायला थांबलाय, आणि मी स्वयंपाकघरात येऊन तुझ्या कानाशी कुजबुजतोय, "कण्या नको वाढूस, काय म्हणेल तो?" तू म्हणालीस, "आवडल्या तर अजून वाढा म्हणेल." त्याने तीनदा मागून घेतल्या. मी ताठ्यात पोळी-लोणचं खाल्लं, आणि पातेलं रिकामं होताना बघत बसलो. त्या करायच्या कशा, हे तुला कधी विचारलं नाही. तू गेल्यापासून सहा वर्षं करून बघतोय. कधी ताक फुटतं, कधी गुठळ्या होतात.

"जस्ट आस्क हिम लाह," पोरगी इथल्या ढंगात म्हणाली. मी अंकलला बोलावून विचारलं, ताक नेमकं कधी घालता? मला माहीत आहे, फक्त खात्री करून घेतोय. तो म्हणाला, "यू नो ऑलरेडी, आस्क मी फॉर व्हॉट?" आणि निघाला. तो स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचल्यावर मी म्हणालो, "माहीत नाही." अंकल परत आला, खुर्ची ओढून बसला. ताक शेवटी, गॅस बंद करून, थोडं थोडं. आणि ढवळताना हात थांबवायचा नाही, काहीही झालं तरी.

काल केल्या. ज्वारी वजन करून, पाणी मोजून. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात, अंकल बरोबर सांगतोय ना, हे मी फोनवर पडताळून बघायला गेलो, आणि हात थांबला.

पोरीने ताटलीतली गुठळी चमच्याने दाबली. "आजीच्या पण अशाच असायच्या?"

"अगदी अशाच," मी म्हणालो.

आता हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुझ्या कण्यांत एकही गुठळी नसायची, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.