बबनच्या बैलाचा उजवा कान

१९ मार्च १९७४
सर्जाला पुरून महिना झाला. दावणीला राजा एकटाच. वैरण नुसती हुंगतो. फर्स्ट शिफ्टला गेलो, मशीनवरही बबनचं थोबाड दिसत होतं. चुलतभाऊ म्हणे. पलीकडच्या जिल्ह्यातून बुळकांडीच्या साथीतला बैल आणला, आळीच्या हौदावर पाजला. त्याचा मेला, माझाही मेला. वर म्हणतो, "नशीब, भावा." नशीब कसलं. तू.
राजाला घरीच बादलीने पाजतोय.

२४ मार्च
उलगडलं. जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर बैलांना बुळकांडीची लस टोचतात आणि खूण म्हणून कानाला भोक पाडतात. भोक नसेल तर आत सोडत नाहीत. बबन नाक्यावर यायच्या आधी भोक स्वतःच पाडतो, चांभाराच्या आरीने. गाडावाल्यांची जुनी समजूत, टोचलेला बैल शर्यतीत बसतो. पण डॉक्टर डाव्या कानाला पाडतात, आणि बबनच्या मेलेल्या बैलाला होतं उजव्या. शिपाई भोक बघतो, कान कोण बघतो.
(राजाला मीही टोचलेलं नाही. ते वेगळं. तो कुठे हद्द ओलांडतोय.)

२८ मार्च
बबन यात्रेतल्या गाड्याच्या शर्यतीसाठी पुन्हा तिकडूनच बैल आणतोय. आज डॉक्टरांना सांगितलं तर नाक्यावर गुपचूप दंड भरून सुटेल. नको. यात्रेत, शर्यतीच्या घाटावर, पंच आणि सगळे सोयरे बघत असताना त्या बैलाचा कान धरीन. बबनची मान खाली गेलेली मला बघायचीय. घरात बोललो नाही. हिच्या पोटात काही राहत नाही.

३० मार्च
बैल आला. देखणा. उजव्या कानाला ताजं भोक. म्हणालो, "झकास हाय, दादा." खुलला. गुळाचा खडा दिला. मी खाल्ला. गोड लागला.

५ एप्रिल
उद्या यात्रा. बबनचा बैल सकाळपासून खात नाही, नाकातोंडातून गळतंय. बबन म्हणतो ऊन लागलं. मनात म्हटलं, भोग.
घरी येऊन हिला सांगितलं, राजाला हौदाकडे फिरकू देऊ नकोस. ही म्हणाली, "आवो, तुमी कामावर गेला की रोज तिथंच नेतीय. एकटा पडला व्हता. त्या नव्या बैलासंगट पोटभर पितोय बगा."

६ एप्रिल
घाटावर गेलो नाही. हलगी इथवर ऐकू येतेय. राजाने वैरण अर्धी टाकली. डोळ्यांना पाणी आहे, धुळीने असेल.
बबन येऊन गेला. "डॉक्टरला बोलवू नगंस, भावा. यात्रा हुं दे."
बोलावलं तर डॉक्टर पहिलं विचारणार, तुला कधीपासून माहीत. बबनही ते ऐकायला तिथेच उभा असणार. त्याला मी सोडणार नाही, अजूनही नाही.
डॉक्टरांकडे जायला सायकल बाहेर काढून ठेवलीय. हलगी थांबली की बघतो.