कोरी सुतळी

वडाचा तांडा, आखाडा बाळापूरजवळ
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. शितल हिस,

जय सेवालाल. तुझ्या आत्याबाईचा आशीर्वाद.

वर तुझ्या नावाआधी खोडलेलं दिसेल. हाताच्या सवयीनं सौ. लिहून गेले. नवं पान घेणार होते, पण मग म्हटलं राहू दे, तुझ्यामाझ्यात खाडाखोडीची लाज कसली.

रामजीभाऊंना आणि तुझ्या आईला नमस्कार सांग. आईच्या गुडघ्याला करंजाचं तेल कोमट करून लाव म्हणावं. इकडं सगळं ठीक. हळद काढून झाली, आता शिजवणं चालू आहे, तांडाभर वाफेचा वास आहे. तुझे मामंजी दिवसभर रानातच असतात. म्हैस व्याली, पण टोणगा झाला, म्हणून तिच्यापेक्षा हेच जास्त रुसून बसलेत. शाळेत खिचडीला नवा गॅस आलाय. त्याची ज्योत इतकी बारीक की तांदूळ शिजेपर्यंत पोरं एक वर्ग पुढं जातील.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "आत्याबाई" म्हणतेस, मी "हं" म्हणते, आणि पुढं दोघींच्याही तोंडून शब्द फुटत नाही. रामजीभाऊंचा फोन आला की मी म्हैस सुटली म्हणून ठेवून देते. ती इतक्या वेळा सुटलीय की आमच्या घरात दावं नाही असंच त्यांना वाटत असेल. म्हणून लिहायला बसले. घरी आपण गोरमाटीत बोलतो, आईला याडी म्हणतो, पण लिहायचं शाळेनं मराठीत शिकवलं, त्यामुळं कागदावर मी जरा शहाणी वाटते. ते मनावर घेऊ नकोस.

तर सांगायचं हे की मी काल हिंगोलीला जाऊन कुकिंग रेंज बघून आले. वर चार बर्नर, खाली केक-पावाची भट्टी, आणि ओट्यावर न ठेवता जमिनीवर उभी राहते ती. निघताना तुझ्या मामंजींना सांगितलं तर म्हणाले, "तांड्यावर मोबाईलला रेंज यायना, अन् हिला चुलीला पाह्यजे." मी म्हटलं, "तुमी हळद शिजवा."

दुकानात करुणा म्हणून बाई आहे, चष्मेवाली, बोलायला गोड. मी तिला अर्धा दिवस पिडलं. आधी तिनं काचेची दाखवली, अशी चकाचक की भांग पाडून घ्यावा. मी म्हटलं, "बाई, हिच्यावर ज्वारीची भाकर थापून टाकायची हाय, तवा आदळणार. काच कितीक दिवस टिकंल?" ती हसली. म्हणाली, "मावशी, माह्या घरीबी स्टीलचीच हाय. काच पाव्हण्यांला दाखवायला." मग स्टीलची बघितली. जाळ्या बिडाच्या, जड, डगमगत नाहीत. बर्नर पितळी. भट्टी विजेवरची आणि गॅसवरची, दोन्ही होत्या. आपल्याकडं केक फुगायच्या ऐन वेळेला लाइट जाणार हे ठरलेलं, म्हणून गॅसवरची धरली. तिनं पेटवून दाखवली. मी वाकून ज्योत बघितली. निळी, एकसारखी, कुठं पिवळं टोक नाही. आणि एक सोय अशी की वाऱ्यानं ज्योत विझली तर गॅस आपसूक बंद होतो. तुझं ध्यान फोनकडं असतं, तुला ही सोय पाहिजेच.

बिघडली तर दुरुस्तीचा माणूस कुठून येतो तेही विचारलं. नांदेडहून येतो म्हणाली. येतो म्हणतात आणि येत नाहीत, असा माझा अनुभव. ती म्हणाली, "न्हाई आला तर मला फोन करा, मी त्याला घेऊन येते." एवढं बोलणारं माणूस मिळालं की वस्तूवर भरवसा बसतो.

आता म्हणशील, आत्याबाईला या वयात भट्टीचं काय खूळ लागलं.

तू पहिल्यांदा केक केलास ते आठवतं का गं? देविदासच्या वाढदिवसाला. कुकरात मीठ पसरून, शिटी काढून. वरून कच्चा, खालून कोळसा. त्यानं तो खरवडून खरवडून खाल्ला आणि मला म्हणाला, "याडी, खाऊन तर पाय, भारी झाला." मी खाल्ला. शितल, तो खरंच फार वाईट होता. पण पुढं तुझा हात बसला आणि तांड्यातल्या प्रत्येक लेकराचा वाढदिवस तुझ्या कुकरावर व्हायला लागला. तेव्हाच त्यानं ओटा घालायला काढला. जन्मभर लोकांच्या घरी फरशा बसवल्या आणि स्वतःच्या बायकोला ओटा नाही, म्हणून हट्टानं स्वतःच घातला. मधोमध जागा सोडली. जो तो विचारायचा, "अरे, ओटा मधीच काहून तोडला?" हा ऐटीत सांगायचा, "तिथं आमच्या घरातलीची भट्टी येणार हाय."

भट्टी आली नाही. बाळापूरच्या रस्त्यावरून त्यालाच आणलं. दोन पावसाळे झाले. त्या जागेत मी पिठाचा डबा ठेवलाय. झाडताना रोज सरकवते, रोज परत ठेवते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

हट्ट्याच्या प्रेमदासचं स्थळ तुला आलंय. दोन्हीकडच्या माणसांनी पसंत केलंय. आणि तू बापाला सांगितलंस की आत्याबाईनं स्वतः सांगितल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही. हे ऐकलं तेव्हा मला तुझा रागच आला. माझ्यावर काहून टाकलंस? तुझ्या बापानं परस्पर ठरवलं असतं तर मला शिव्या द्यायला मोकळीक होती. चार दिवस रडले असते, तांड्यातल्या बाया माझ्या बाजूनं बोलल्या असत्या. तू ती सोयच ठेवली नाहीस. पदरात एखादं लेकरू असतं तर त्याच्या नावानं तुला इथं धरून ठेवलं असतं, इतकं वाईट माझ्या मनात येऊन गेलं. आलं ते सांगितलं.

मग मी एक दिवस कोणाला न सांगता हट्ट्याला गेले. तुझ्या मामंजींना म्हटलं, औषध आणायला चालले. प्रेमदासच्या बियाण्याच्या दुकानात जाऊन वालाचं बी मागितलं. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. खोट काढायचीच असं ठरवून गेले होते. त्यानं पुडी हातात घेतली, उलटून बघितली आणि म्हणाला, "मावशी, हे गेल्या सालचं हाय. न्हाई उगवलं तर तुमची जागा वाया जाईल. आठ दिसानं नवं येऊन राहिलं, तवा या." मग स्टूल पुढं केलं, तांब्या दिला. त्याची आई आत कोणाशी तरी बोलत होती, नवा ओटा घालायचाय म्हणत होती. मी पाणी प्यायले आणि निघाले. येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. पोरगा वाईट निघाला असता तर बरं झालं असतं असं वाटत होतं. चांगला आहे, शितल. बोलायला कमी आहे, पण चांगला आहे.

म्हणून ठरवलं की रेंज घ्यायची आणि तुझ्यासोबत हट्ट्याला पाठवायची. पैशाचं विचारू नकोस, ते माझं मी बघितलंय. देविदासनं कबूल केलेलं होतं, आणि कबूल केलेलं माझ्या घरात राहून गेलेलं मला चालत नाही.

आता काल काय झालं ते ऐक.

निघायच्या आधी मी सुतळी घेऊन माप काढलं. आपल्यात टेप कुठं असतो, दाराचं असो की बाजेचं, सुतळी लावायची आणि दोन टोकांना गाठी मारायच्या. तशा मारल्या. दुकानात करुणानं ती सुतळी रेंजच्या तोंडावर आडवी धरली. या कडेला गाठ, त्या कडेला गाठ. ती म्हणाली, "मावशी, बराबर! मापून बनवल्यावाणी." मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. ती म्हणाली, "कुठं पोचवायची?" मी म्हटलं, "वडाचा तांडा. बाळापूर फाट्यावर मालक उभे ऱ्हातील. पिठाचा डबा मी आजच उचलून ठेवते." तिनं लिहून घेतलं. मग वॉरंटीचं कार्ड काढलं. "वापरणार कोण? कोणाचं नाव टाकू?"

मी म्हटलं, "माझी सून. शितल देविदास..."

आणि तिथंच थांबले. माझ्या हातातली सुतळी आपल्या घरातली होती गं. तुला द्यायची वस्तू घ्यायला गेले आणि माप माझ्याच ओट्याचं घेऊन गेले. हट्ट्याला काय जागा आहे, केवढी आहे, मला काही ठाऊक नाही आणि ते विचारायचं डोक्यातही आलं नाही. भट्टी म्हटलं की ती तिथंच बसणार, तू तिथंच उभी राहणार, आणि तो मागून येऊन कच्चं पीठ बोटानं चाटणार. माझ्या हाताला दुसरं काही माहीतच नाही.

मग मी त्या दुकानात, मिक्सरच्या खोक्यांमध्ये बसून रडले. त्याला नेलं तेव्हा रडले नाही इतकी रडले. तेव्हा तू बेशुद्ध पडत होतीस, तुला धरायचं होतं. करुणानं पाणी दिलं, ते कार्ड फाडलं आणि माझ्याजवळ खाली बसली. जरा वेळानं मीच सांगितलं, "बाई, ही हट्ट्याला जायची हाय. माप दुसरं यील." ती म्हणाली, "येऊ द्या. तवर मी राखून ठेवते. माप बसलं तर हीच, न्हाई तर तसलीच दुसरी."

घरी आले तर तुझ्या मामंजींनी खरोखर पिठाचा डबा उचलून बाहेर ठेवला होता. डब्याचं मी त्यांना काही सांगून गेले नव्हते. रिकामी जागा झाडून, पुसून घेतली होती. माझ्याकडं बघितलं आणि डबा परत आत आणून ठेवला. आम्ही दोघं जेवलो. पिठलं खारट झालं होतं, दोघांनीही तसंच खाल्लं.

पहिल्यांदा वाटलं होतं की गाठी मारलेली सुतळी तुलाच पाठवावी. नवा ओटा घालतातच आहेत, तर तेवढीच जागा सोडतील, म्हणजे माझ्या लेकाचं काही तरी तुझ्या घरात राहील. रात्रभर तसंच वाटत होतं. सकाळी वाटलं, नको. तो भला माणूस आहे. त्याच्या घरात माझ्या देविदासच्या मापाची जागा कशाला? तू रोज तिथं उभी राहून भाकरी करणार. तुझे हात मोकळे पाहिजेत. ती सुतळी इथंच राहू दे, माझ्या ट्रंकेत. माझ्याकडं तरी काय राहिलंय.

तुझे मामंजी उद्या हे पत्र घेऊन तुमच्याकडं येतील. सोबत एक सुतळी देते. कोरी आहे, एकही गाठ नाही. ती घेऊन हट्ट्याला जा, नाही तर त्यांच्याकडून आणवून घे, पण गाठी तुझ्या हातानं मार. मग ती माझ्याकडं पाठव. तुझ्या गाठी मी ओळखते, तू दोनदा पीळ देतेस.

सुतळी आली की करुणाला नेऊन देईन. या वेळी कार्डावर नाव बराबर सांगेन. एकदा घरी म्हणून बघितलंय. शितल प्रेमदास. जमतं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा जरा बरं जमलं.

म्हणजे मी हो म्हणते आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, माझ्या तोंडानं, माझ्या हातानं लिहून: जा. सुखानं जा.

लग्नाला मी येणार. तुझ्या पहिल्या लग्नात तू आईच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होतीस, आणि मी मागं उभी राहून मनात म्हणत होते की आवरा आता बायांनो, गाडीवाला खोळंबलाय, केवढं ते रडगाणं. या वेळी तुझ्या आईचं झालं की जरा थांब. सासूनं नवरीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणावा, असं मी कुठं ऐकलं नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. गाडीवाला खोळंबू दे.

पुढच्या पत्रात तुझ्या नावाआधीचं काही खोडावं लागणार नाही.

भट्टीत पहिला केक करशील तो जळाला तर फेकू नकोस, खरवडून खा. आणि रात्री निजताना सिलेंडरचा खटका बंद करत जा, गॅस आपसूक बंद होतो म्हणून निष्काळजी राहू नकोस.

खाली सही काय करावी, कळेना. आत्याबाई आता त्या घरातल्या सासूला म्हणायचं, ते तिचं आहे. देविदास गेल्यापासून एका नावानं मला कोणी हाक मारलेली नाही. तू मार असं नाही सांगत. एकदा लिहून बघते.

तुझी,
याडी