नवी जाळी पहिल्या महिन्यात ताणतेच

११ जानेवारी २०२४, सकाळी ७
महादेवी शिंकली आणि उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा लुगडं बदललेलं होतं. मी पेपर वाचत होतो, पण माझं लक्ष असतं. सोफ्याचं कव्हर तपासलं. कोरडं. तरी धुवायला लावलं.
सहा वर्षं हेच. खोकली, हसली, कळशी उचलली की थेंब थेंब. मी कधी कुणाला बोललो नाही. सिद्धरामला बोललो, पण तो तिचा सख्खा भाऊ. श्रीशैलला बोललो, पण तो मठात रोज भेटतो.
संकल्प: या वर्षी बायकोचा प्रश्न निकाली काढायचा.

१६ जानेवारी
उदगीरहून लातूरला गेलो, लेडी डॉक्टरला दाखवलं. सून शिवकन्याही आली. गरज नव्हती. मुलगा हैदराबादला नोकरीला, त्यामुळे ती सगळीकडे येते.
डॉक्टर म्हणाल्या, आधी तीन महिने व्यायाम करा. खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे. बऱ्याच बायकांचं त्यावरच भागतं. नाहीच भागलं तर ऑपरेशन करून लघवीच्या नळीखाली जाळीची पट्टी बसवतात, नळीला आधार मिळतो.
जाळी म्हटल्यावर मी खुर्चीत पुढं सरकलो. डाळ मिलमध्ये अडतीस वर्षं चाळण्यांच्या जाळ्या बदलल्यात. शिक्षण सातवी, पण जाळीच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.
मी म्हणालो, जाळीच टाका. डॉक्टरनी महादेवीला विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, व्यायाम करून बघते की. मी म्हणालो, तिला कळत नाही.

२३ जानेवारी
व्यायामाचा सातवा दिवस. फरक शून्य. शिवाय ती आवळते की नुसती बसते, हे बाहेरून दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? व्यायाम बंद केला.

५ फेब्रुवारी, दुपारी
लातूरला ऑपरेशन झालं. व्यायाम तिला जमतच नाही असं सांगून मी डॉक्टरना तयार केलं. आत नेताना गळ्यातलं, कधीही न उतरवलेलं इष्टलिंग काढायला सांगितलं, तेव्हा महादेवी रडायला लागली. शेवटी नर्सनं ते कापडात गुंडाळून तिच्या दंडाला बांधलं.
मी बाहेर फार ताण सहन केला. बीपी दीडशे. मला कुणी चहा विचारला नाही.

७ फेब्रुवारी
घरी. डॉक्टरांच्या सूचना: सहा आठवडे वजन उचलायचं नाही, दुचाकीवर बसायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं.
पाणी भरपूर कशाला? नव्या जाळीवर पहिल्याच दिवशी फुल माल सोडत नाहीत. दिवसाला चार पेले ठरवून दिले.

१० फेब्रुवारी
रोज सकाळी टेस्ट. मी म्हणतो, खोक. ती खोकते. मी लिहितो. आज: खोकला दहा वेळा, गळती शून्य.
सिद्धराम बघायला आला. त्याच्यासमोर खोकून दाखव म्हटलं. महादेवी म्हणाली, अहो, काय बोलून राहिलात, भाऊ हाय माझा. सिद्धराम म्हणाला, दाजी, राहू द्या की, मी काय मशीन घ्यायला आलो का? मी म्हणालो, घरचाच माणूस, त्यात काय. शेवटी ती खोकली. शून्य!
सिद्धराम चहा न घेताच गेला. निकाल बघून भारावला असावा.

१८ फेब्रुवारी
मठात प्रवचनानंतर उभा राहिलो आणि सगळ्यांना महादेवीच्या जाळीची माहिती दिली. आपल्याकडच्या बायका लाजेपायी सोसत राहतात, कुणीतरी बोललं पाहिजे. बोललो पुरुषांत, पण आवाज बायकांच्या बाजूला पोचेल असा ठेवला. श्रीशैल म्हणाला, गुरुपादप्पा, आता वहिनीलाच उभं कर, म्हणजे कुठं बसवली तेही कळंल. लोक हसले. विषय त्यांच्यापर्यंत पोचला.
महादेवी तिकडं खांबाआड बसली होती. घरी येताना माझ्या दहा पावलं मागं चालली. थकली असेल.

२५ फेब्रुवारी
तक्रार: मांडीच्या सांध्यात दुखतं. बसलं की आत काटा रुतल्यासारखं होतं.
मी समजावलं, नवी जाळी पहिल्या महिन्यात ताणतेच. मिलमध्ये नवी जाळी बसवली की दोन तास मशीन रिकामं हलवायचं. जाळी आपोआप चौकटीत बसते. हलवलं नाही तर एका कोपऱ्यात सुरकुती राहते. तीच हिला टोचत असणार.
डॉक्टरनी नेमकं उलटं सांगितलंय. त्यांनी मिल पाहिलेली नाही.

२७ फेब्रुवारी
स्कूटरवर जळकोटला जाऊन आलो. पाहुण्यांकडं जायचंच होतं. मुद्दाम खोदलेल्या बाजूनं गाडी घेतली. प्रत्येक खड्ड्याला ती माझा खांदा धरायची. एका खड्ड्याला ओरडलीच, म्हणजे जाळी हलली.
जळकोटला तिला उतरता येईना. दोन बायकांनी धरून उतरवलं. परत जीपनं पाठवली. मी स्कूटरवर एकटा. येताना चांगल्या रस्त्यानं आलो. माझ्या कमरेला धक्के सोसत नाहीत.

२ मार्च
तिला ताप. लघवीला आग. पाण्याचे पेले चारवरून तीनवर आणले.
शिवकन्या मागच्या दारानं भरलेला तांब्या देताना दिसली. या घरात कुणाला शिस्त नाही. मला झोप नाही, तिकडं कुणाचं लक्ष नाही.

८ मार्च, महाशिवरात्र
महादेवी मठात आली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. कारण विचारलं. म्हणाली, तिथं मला जाळीवाली म्हणून राहिल्यात. मी म्हणालो, चांगलंय, नाव झालं. ती म्हणाली, नाव तुमचं झालं, हसं माझं झालं.
उपवासानं चिडचिड होते. मला होत नाही, कारण मी दुपारी साबुदाणा दोनदा घेतला.

१९ मार्च
शिवकन्या म्हणाली, अप्पा, अव्वाच्या कपड्याला रक्त लागून राहिलं, आजच दाखवायला पाहिजे. मी वही दाखवली. गळती शून्य. रक्त हा वेगळा विषय आहे.
आणि लगेच डॉक्टरकडं पळालो तर जाळी बिघडली असं गावभर होणार. मी मठात एवढं सांगून बसलोय. शेवटी मलाही या गावात राहायचंय.
ठरवलं: मे महिन्यातल्या बसव जयंतीपर्यंत वाट पाहायची. तोवर हळदीचं दूध.

३० मार्च, सकाळी ६
खोक म्हटलं. खोकली नाही. पुन्हा म्हटलं. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, तुमी खोका. तुमचं तुमी लिवा.
मी शून्यच लिहिलं. खोकली असती तरी तेच आलं असतं.

४ एप्रिल
दूध घेऊन आलो तर दोघी घरात नाहीत. स्वयंपाक झाकून ठेवलेला. अकराला शिवकन्याचा फोन. नांदेडला आहेत, दुसऱ्या डॉक्टरकडं. पट्टीची कड आतून कातडी फाडून वर आलीय, तिथं पू झालाय. आधीच आणायला पाहिजे होतं म्हणाल्या. उद्या काढणार, पण पट्टी मांसात रुतलीय, सगळी निघेल असं नाही. शिवाय गळती पुन्हा सुरू होऊ शकते.
मी म्हणालो, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. फोन कट झाला. रेंज नसावी.

५ एप्रिल, नांदेड, सकाळी ९:३०
पहिल्या बसनं आलो. वाटेत डॉक्टरांसाठी सतरा प्रश्न लिहिले.
डॉक्टर महादेवीला विचारत होत्या, पुन्हा गळायला लागलं तर चालेल का आजी? ती म्हणाली, वाहू द्या. मरणाचं दुखून राहिलंय, बाई. काढा.
मी पहिला प्रश्न वाचायला घेतला. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. म्हणजे माझ्याशी नंतर सविस्तर बोलणार.

दुपारी १२
तिला आत नेलं. माझ्यासमोरूनच. मी म्हणालो, घाबरू नकोस, मी आहे. तिनं शिवकन्याला विचारलं, जेवलीस का?

दुपारी ३:४०
नर्स बाहेर आली. महादेवींचे नातेवाईक कोण? मी उठलो. तिनं माझं नाव विचारलं, कागद पाहिला आणि म्हणाली, आजोबा, तुम्हाला काही सांगता येत नाही. पेशंटनं लिहून दिलंय, माहिती फक्त सुनेला द्यायची.
मी म्हणालो, काहीतरी चूक आहे, ती चौथी शिकलेली, घाईत लिहिलं असेल. नर्स म्हणाली, घाईत न्हाई हो. नवऱ्याला सांगू नये असं वेगळं लिहिलंय, खाली दोन रेघा वढल्यात.
शिवकन्या आत गेली. दार लागलं.

संध्याकाळी ५:१५
शिवकन्या आली. डोळे पुसत होती. रडत होती की हसत होती, लांबचा चष्मा बसमध्ये राहिल्यामुळं कळलं नाही. विचारलं, सगळी निघाली का? ती कशी आहे? दुखतंय का तिला? म्हणाली, अप्पा, अव्वानं शपथ घातलीय. बाटलीत पाणी भरून घेऊन पुन्हा आत गेली.
बाकावर शेजारी लोह्याचा एक माणूस बसलाय. त्यानं विचारलं, तुमच्या पेशंटचं कसं हाय, काका?
मी म्हणालो, मला सांगत नाहीत.