पहिलं पान काढू नये

मी, सुंदराबाई शिवदास ओव्हाळ, वय ७२, निवृत्त पॅकिंग कामगार, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करत आहे. दडपण फक्त मुलगा केतन याचं होतं, ते मी मानलेलं नाही.

१. राहतं घर केतनला. तू भांडलास तरी दर रविवारी माझे पाय तूच चेपलेस, ते मी विसरलेले नाही.

२. पार्कसाइटची भाड्याची खोलीही केतनला, पण अटीवर. भाडेकरूची जात, देश, रंग बघायचा नाही. १९७८ साली घाटकोपरला आडनाव ऐकताच "खोली दिली" म्हणून मला आणि ह्यांना दारातून परत पाठवलं होतं. तेच दोन शब्द तीन वर्षांपूर्वी मी टांझानियाहून शिकायला आलेल्या बराका म्सुयाला ऐकवले. खोली रिकामी होती आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. नात दिशा म्हणाली, "आजी, तुला आडनावावरून हाकललं, तू रंगावरून हाकललंस. फरक काय गं?" मी म्हटलं, तूच शोधून सांग.

३. मग दिशाने इंटरनेटवर शोधून वाचून दाखवायला सुरुवात केली. गुलामांची जहाजं, गोऱ्यांचे वेगळे नळ, वेगळ्या शाळा. सगळं इंग्रजीत. ती अर्थ सांगायची, मी माझ्या मराठीत बोलायचे, ती टाइप करायची. त्याच्याच शेजारी आपल्या पाणवठ्यांच्या आठवणीही घातल्या. अशी आमची वेबसाइट झाली. ती, तिचा पासवर्ड आणि माझा टॅब दिशाला.

४. वेबसाइटचं पहिलं पान कोणीही काढू नये. बराकाशी मी कशी वागले, ते त्यावर माझ्या नावानिशी आहे. केतन म्हणतो, "आई, नातेवाईक वाचतात, इज्जतीची वाट लागली ना!" बाळा, जगाचं उघडं करायचं आणि आपलं झाकायचं, तर दुकान बंद केलेलं बरं.

५. गेल्या महिन्यात दिशाने बराकाला शोधून घरी आणलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आजी, उस दिन मैं बॅग लेके आया था." एवढंच. चहा झाल्यावर स्वतःचा कप धुवायला उठला. त्याच्या घरची शिस्त असेल. पण गावच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळा ठेवलेला कप आम्हीच विसळून बाहेर खिळ्याला अडकवायचो. मला ते बघवेना. कप ओढून घेतला आणि रडत सुटले. शेवटी केतन उठला आणि त्याने तो कप धुतला.

बराकाला काही द्यायची इच्छा होती. तो म्हणाला, नको, सही करतो. वकीलही म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही नसलेलं बरं.

६. तो कप आठवण म्हणून कोणी वेगळा ठेवू नये. घरातल्या सहा कपांतच राहू द्यावा.

सही: सुंदराबाई शिवदास ओव्हाळ
साक्षीदार: १. बराका म्सुया, सांताक्रूझ
२. मृणालिनी लवू परब, शेजारीण
विक्रोळी, ९ फेब्रुवारी २०२५