शहाणपणाची खुर्ची

सोमवार, ४
मिरची आज पुन्हा चावली! डबे बंद झाले, हात धुतले, आणि शेजारच्या ढोल्याच्या दंडाला दात. दात उमटलेसुद्धा नाहीत, पण ढोल्यानं असं भोकाड पसरलं की मोठ्या बाई कार्यालयातून धावत आल्या. माझ्याकडे उपाय तयारच — शहाणपणाची खुर्ची. कपाटामागच्या कोपऱ्यातली, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली, बुटकी. एकवीस वर्षं बालवर्ग सांभाळतेय. या खुर्चीत भलेभले सरळ झाले.

ही मात्र होत नाही. चार वर्षांची पोर — मी बोट वर करेपर्यंत तुरुतुरु जाऊन बसलीसुद्धा. कोडगी!

मंगळवार, ५
नव्या मदतनीस ताई दोन महिन्यांचा कोर्स करून आल्यात. मुलांशी बोलताना गुडघे टेकून बसतात. "बाई, ती रोज एकाच वेळेला चावते. डबे संपले की. काहीतरी कारण असणार." कारण! उद्या म्हणतील, मुहूर्त काढून चावते. उथळ पाण्याला खळखळाट फार.

म्हटलं, "शोधा कारण. तोवर मी वर्ग चालवते."

बुधवार, ६
चावली. खुर्ची. वर तिथं बसून खिडकीबाहेर हात हलवत होती! शिक्षा भोगतेय की सहलीला निघालीय? मागे उभी राहून मीही बघितलं. खाली रस्ता, सायकलवाल्याची बंद टपरी. चिटपाखरू नाही. डोक्यातच फरक असणार.

गुरुवार, ७
तिच्या आईला बोलावलं. महिन्यापूर्वी लाँड्रीत कामाला लागलीय. बोटं पाण्यानं सुरकुतलेली, अंगाला साबणाचा वास.

"बाई, हिला काढू नका. घरी कोणी नाही, आणि मालक लाँड्रीत पोरांना पाय ठेवू देत नाही. काम सुटेल माझं."

"वेळेवर वळण लावलं असतंत तर ही पाळी आली नसती." दप्तर रोज बघता का विचारलं, तर म्हणे, "रविवारी बघते, बाई." रविवारी! पोर आहे की आठवड्याचा बाजार?

जाताना दारात थांबून म्हणते, "घरी कधी चावत नाही हो. इथंच का?" म्हणजे खोट आमच्यातच! चोर तर चोर, वर शिरजोर.

शुक्रवार, ८
मोठ्या बाईंनी निर्णय माझ्यावर सोपवला. पत्र लिहिलं — सोमवारपासून मुलीला पाठवू नये. मिरचीच्या दप्तरात सरकवलं. ताईंचे डोळे भरले. भरू देत.

शनिवार, ९
पत्रावर सहीच करायची राहिली! एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मुलं डबे आवरत होती, तेवढ्यात खुंटीवरच्या दप्तरात हात घातला. पत्र हाताला लागलं, आणि मागून आवाज —

"बाई, दुसऱ्याच्या दप्तराला हात लावायचा नसतो."

मिरची. माझंच वाक्य, माझ्याच सुरात! ढोल्या ओरडला, "खुर्ची!" मग सगळा वर्ग — खुर्ची, खुर्ची! ताई गालातल्या गालात हसत होत्या. त्यांच्यासमोर माघार घेते की काय! गेले आणि बसले. नियम माझाच.

शनिवार, नंतर
गुडघे हनुवटीला टेकले. उभं असताना छज्जा आड येतो, खालचा रस्ता तेवढा दिसतो. इतकं खाली बसलं की नजर वर जाते. समोर लाँड्रीची गच्ची. मिरचीची आई चादरी वाळत घालत होती. साडेदहा. तिनं खिडकीकडे बघून हात वर केला. मग मी दिसले. हात तसाच राहिला, तोंडावरचं हसू गेलं.

मिरची येऊन माझ्या मांडीला रेलली. "बाई, हात हलवा ना. नाहीतर तिला वाटतं मी आलेच नाही."

उजव्या हातात पत्र होतं. डावा हलवला.