विक्रांतचा पट्टा

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची उज्जैनला! माधव नगरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. मालक इंदूरला, त्यामुळे कटकट नाही. देवास गेटला पोहे-जलेबी हाणली. काम मोठं मजेचं आहे: राम घाटावरच्या बचाव पथकातल्या पाणबुड्यांच्या छातीला पट्टा बांधायचा आणि ताणाखाली त्यांचं हृदय कसं वागतं ते मोबाइलवर बघायचं. धडधाकट हृदयाचे ठोके अगदी सारखे पडत नाहीत, थोडे मागेपुढे होतात. ते मागेपुढे होणं कमी झालं की माणूस थकलेला. त्या दिवशी त्याला पाण्यात उतरवायचं नाही. पथकप्रमुख श्रीपादराव इथलेच मराठी. मॅडम, टेन्शन घेऊ नका, आपलंच घर समजा, म्हणाले. इथे सगळे मॅडमच म्हणतात.

५ नोव्हेंबर, बुधवार
कार्तिक पौर्णिमा, घाटावर तुफान गर्दी. एक म्हातारा बुडाला. पथकातल्या विक्रांतने बाहेर काढला, पण उशीर झाला होता. इथे एक रीत आहे. प्रेत काढणारा पायरीवर बसून राहतो. त्याचं आपलं माणूस येऊन नावानं हाक मारतं, चल घरी म्हणतं, तेव्हाच तो उठतो. नाहीतर बुडालेला सोबत येतो म्हणे! विक्रांतची बायको प्राजक्ता निघाली होती. मीही एक पट्टा बांधून बघत होते, तो तेवढ्यात बंद पडला. मी विक्रांतचाच काढून, ओलाच, स्वतःला बांधला. माझाही ताण मोजून बघू म्हटलं. श्रीपादराव ओरडले, त्याला हाक यायच्या आधीच काढलात, हे तुम्ही ठीक नाही केलं. मला हसू आलं.

६ नोव्हेंबर
मोबाइलवर दोन रेषा. एक माझी, वेडीवाकडी. दुसरी तंतोतंत सारख्या ठोक्यांची. जिवंत माणसाचं हृदय असं चालत नाही. पट्टा बिघडला, दुसरं काय!

७ नोव्हेंबर
पट्टा काढून कपाटात टाकला. रेषा दोन्ही चालूच. माझी हळूहळू त्या दुसरीसारखी होतेय.
श्रीपादरावांना फोन केला. ते भोपाळला ट्रेनिंगला. हसले नाहीत. आपलं कुणी इथे येऊन नावानं बोलावेल तरच सुटाल, म्हणाले. तेही दोन्ही रेषा एक व्हायच्या आत.
आपलं माणूस कुठून आणू? पुण्याला अनिकेतला फोन लावला. सख्खा भाऊ. सुट्टी नाही गं ताई, म्हणाला. एवढ्या मोठ्या गावात मुक्ता म्हणणारं कुणी नाही. खूप रडले.

८ नोव्हेंबर
छाती गार पडलीय. श्रीपादराव निघालेत. मलाच आपलं माणूस समजा, खालून हाक मारतो, म्हणाले—

हाक आली! मुक्ता, चल घरी. अगं बाई, किती दिवसांनी कुणी माझं नाव घेतलं! आले, आले, म्हणून ओरडलेसुद्धा—

फोन. श्रीपादराव. बस अजून देवासलाच अडकलीय, म्हणतात.

मग खाली कोण—

एकच रेषा. एकसारखी.

परत हाक. किती मायेनं बोलावतंय. जाऊ नये, कळतंय मला. पण मला कुणीतरी घरी चल म्हणतंय, मला— चपला घातल्या, कडी काढते आणि